दहावी झाली, फोन आला. सिम कुणाच्या नावावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की खानापूर, बेळगाव, निपाणीच्या मोबाईल दुकानांत काही दिवस उभं राहायला जागा नसते. एसएसएलसी पास झालेल्या मुलाला फोन घेऊन द्यायचा, हा आता रिवाजच पडलाय. आणि दिवाळीपर्यंत त्यातले कितीतरी फोन बापाच्या कपाटात जाऊन पडतात. कारण एकच: ‘दिवसभर मित्रांशी चॅटिंग.’ आपल्या सदरात येणारी पत्रंही बहुतेक याच सुरातली असतात. मोबाईल विक्री-दुरुस्तीच्या धंद्यात जे रोज समोर येतं, ते मात्र वेगळं आहे. दुकानात येणारी तक्रार ‘अकाउंट गेलं’, ‘नंबर बंद पडला’, ‘जुने मेसेज येत नाहीत’, ‘माझ्या नावानं कुणीतरी पैसे मागतंय’ अशी असते. फोन हातात देताना सिम, जीमेल आणि पिन या तीन गोष्टी नीट लावून दिल्या तर यातलं बरंचसं टळतं. ते कुणी करत नाही, आणि खापर फुटतं मैत्रीवर.

आधी मैत्रीचंच बोलू. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात दहावीनंतर वर्ग जसा पांगतो तसा इतरत्र क्वचितच पांगत असेल. मराठी शाळेत पहिलीपासून एका बाकावर बसलेली पोरं. एकजण बेळगावात पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी), दुसरा चंदगड किंवा गडहिंग्लजला अकरावीला, तिसरी कोल्हापूरला मावशीकडे, चौथा आयटीआयला, पाचवा थेट गोव्यात कामाला. दोन राज्यं, दोन बोर्डं, परीक्षा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या. गणपती सोडले तर सगळी गावात सापडतील असा दिवस नाही. मग ‘दहावी ब’ नावाचा ग्रुप हीच त्यांची एकत्र बसायची जागा उरते. पीयूसीला सगळं एकदम इंग्रजीत समोर आल्यावर गांगरलेली मुलं रात्री तिथंच एकमेकांना वहीच्या पानांचे फोटो टाकतात. आईबापांना ती पानं दिसत नाहीत, हातातला फोन तेवढा दिसतो.

आता सिम. अठरा वर्षांखालच्याच्या नावावर सिम मिळत नाही, त्यामुळे ते आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं, हे ठीकच. पण कुणाच्या, याचा विचार होत नाही. खानापूर तालुक्यातले कितीतरी बाप गोव्यात, पुण्यात, मुंबईत कामाला. फोन हरवला तर डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच यावं लागतं. बाप रजा काढून येईपर्यंत नंबर बंद. म्हणून जे माणूस घरी राहतं, बहुतेक घरांत आई, तिच्या नावावर सिम घ्यावं. कुणी ‘चालू सिम आहे, घेऊन जा’ म्हणून भलत्याच माणसाच्या नावावरचं सिम पुढे केलं तर ते हातातही धरू नये. एका माणसाच्या नावावर नऊ सिम चालतात. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर स्वतःचा नंबर आणि ओटीपी टाकला की दिसतं. न ओळखीचा नंबर दिसला तर तिथंच ‘हा माझा नाही’ असं कळवता येतं.

कोल्हापूरला गेलं की तिथलं नवं सिम, ही दुसरी खोड. गरज नसते. कर्नाटक सर्कलचं (सर्कल म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग) सिम महाराष्ट्र सर्कलमध्ये (गोवाही त्यातच येतो) त्याच रिचार्जवर चालतं. मग मुलं ‘तिकडं नेट चालत नाही’ का म्हणतात? कॉल लागतो आणि नेट येत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असतं. ते सुरू केलं की झालं. चंदगड, कागलच्या हद्दीला टेकलेल्या गावांत तर घरातल्या घरात हे होतं: पुढच्या सोप्यात फोन इकडचा टॉवर धरतो, परसात गेला की तिकडचा, आणि पोरगं म्हणतं फोन खराब आहे. कंपनीच बदलायची असेल तर नंबर पोर्ट करावा. १९०० वर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत, एक जागा सोडून नंबर, असा एसएमएस केला की कोड येतो. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. नंबर तोच राहतो, आणि मुलाच्या बाबतीत तो राहणं हेच महत्त्वाचं.

कारण नंबर सुटला की काय होतं ते बघा. २८ दिवसांचा पॅक वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. हंगामाच्या ओढाताणीत एक-दोन हुकतात, मग कंपनी नंबर कापते. कापल्यावर ९० दिवस गेले की तो नंबर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. मित्रांच्या फोनमध्ये मात्र तो जुन्याच नावानं सेव्ह असतो. वर्गातल्या मुलीनं विश्वासानं टाकलेला मेसेज, फोटो भलत्याच माणसाच्या हातात पडतो. नंबर बदलणं अगदीच भाग असेल तर जुनं अकाउंट चालू असतानाच व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात ‘चेंज नंबर’ असं जाऊन बदलावा. मग ग्रुप आपोआप नव्या नंबरावर येतात. नुसतं नवं सिम घालून नवं अकाउंट उघडलं तर ग्रुपमध्ये जुना नंबर मढ्यासारखा पडून राहतो.

जीमेलचा घोळ दुकानातच सुरू होतो, हे आमच्याच धंद्यातल्या लोकांनी मान्य करायला हवं. नवा फोन सुरू करताना घाईत कुणीतरी एक जीमेल काढतं, पासवर्ड काहीतरी ठोकतं, आणि तो कुठंच लिहिला जात नाही. वर्षभर काही बिघडत नाही. मग मूल पॅटर्न विसरतं, कुणीतरी बटणं दाबून फोन रिसेट करतं, आणि सुरू होताना फोन आधीचं जीमेल आणि पासवर्ड मागतो. तो नसेल तर फोन अडकतो. चोरानं फोन पुसून विकू नये म्हणून केलेली ही सोय मालकाच्याच गळ्याशी येते. व्हॉट्सअॅपचे जुने मेसेजही परत यायला तोच नंबर आणि तेच जीमेल लागतं. म्हणून जीमेल मुलाच्या समोर काढावं, जन्मतारीख खरी घालावी, रिकव्हरीसाठी आईचा नंबर द्यावा आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवावा. बॅकअप खरंच होतोय का, ते सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथं शेवटची तारीख बघून कळतं. गूगलची फुकटची जागा १५ जीबी, त्यात मेल, फोटो आणि अँड्रॉइडवर हा बॅकअपही. ती भरली की बॅकअप थांबतो. ‘व्हिडिओ सोबत घ्या’ हे बंद ठेवलं तर बराच काळ पुरते. फोनचीच मेमरी भरली तर ‘मीडिया ऑटो डाउनलोड’ बंद करावं. यात मुलांचा दोष कमी. सगळ्यात जास्त जागा खातात ते नातेवाइकांच्या ग्रुपमधले सुप्रभातचे फुलांचे फोटो.

पिन म्हणजे स्क्रीनचं कुलूप नव्हे. व्हॉट्सअॅपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ इथं सहा आकडी पिन आपण ठरवायचा असतो आणि सोबत ईमेल द्यायचं असतं. मुलांच्या फोनमध्ये हे जवळजवळ कधीच केलेलं नसतं. आणि फसवणूक होते ती मित्राच्याच नावानं. मित्राच्या, आधीच चोरीला गेलेल्या अकाउंटवरून मेसेज येतो: ‘चुकून माझा कोड तुझ्याकडं आलाय, पाठव की लवकर.’ मूल सहा आकडे पाठवतं. ते आकडे त्याच्या स्वतःच्या अकाउंटच्या किल्लीचे असतात. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्या नावानं सगळ्या वर्गाला ‘अर्जंट दोन हजार टाक’ असा मेसेज. पिन घातलेला असेल तर नुसत्या कोडवर चोर आत येऊ शकत नाही. गेलंच अकाउंट, तर लगेच आपल्या नंबरानं पुन्हा लॉगिन करावं, चोर बाहेर पडतो. चोरानं आधीच स्वतःचा पिन घातला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात सगळ्यांना साध्या कॉलवर सांगून टाकावं, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्येही एकदा डोकवावं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडून तसंच सोडलेलं अकाउंट तिथं दिसतं, लॉगआउट करता येतं.

आता ज्यावरून खरी भांडणं होतात ती गोष्ट: व्हॉट्सअॅपवर मेसेजशेजारी दिसणाऱ्या टिका, म्हणजे बरोबरच्या खुणा. एक करडी टिक म्हणजे मेसेज निघाला पण समोरच्या फोनपर्यंत पोचला नाही. दोन करड्या म्हणजे पोचला. दोन निळ्या म्हणजे उघडला. मुलांना हे पाठ असतं. एक टिक का राहते ते माहीत नसतं. बेळगावात बसलेली मुलगी संध्याकाळी जांबोटीच्या मैत्रिणीला लिहिते, ‘येणार हैस की न्हाई रविवारी?’ एक टिक. रात्री दहा वाजले, एकच टिक. ‘ब्लॉक केलंस वाटतं’, असा निष्कर्ष निघतो आणि वाटेल ते लिहिलं जातं. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात काय होतं? लाईट जाते, टॉवर बॅटरीवर येतो, बॅटरी उतरली की टॉवरच झोपतो. हेस्कॉमची (इकडची वीज कंपनी) लाईट आली की मग सगळे मेसेज एकदम धबाधबा पडतात. मैत्रिणीनं काही केलेलं नसतं.

टॉवर चांगला असतानाही एक टिक राहते, त्याचं कारण स्वस्तातले फोन. बऱ्याच कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अॅप बंद पाडली जातात. फोन खिशात असतो, नेट सुरू असतं, पण व्हॉट्सअॅप उघडल्याशिवाय मेसेज येतच नाही. उपाय दोन मिनिटांचा: फोनच्या सेटिंग्जमध्ये अॅप्स, व्हॉट्सअॅप, बॅटरी असं जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडायचं, ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं बटण असेल तर सुरू करायचं. अलीकडे वापरलेली अॅप सारखी सरकवून बंद करायची सवयही सोडायची, त्यानं फोन फास्ट होत नाही. ही दोन बटणं नीट लावली की निम्मे रुसवे मिटतील असं आमचं मत आहे.

निळ्या टिकांचा जाच होत असेल तर प्रायव्हसीत ‘रीड रिसीट्स’ बंद करता येतात. मग आपल्यालाही दुसऱ्याच्या दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये त्याचा उपयोग नाही; तिथं मेसेज दाबून ‘इन्फो’ बघितलं की कुणी वाचलं ते दिसतंच. ‘लास्ट सीन’चंही तसंच. हे सगळं लपवायला आणि डिलीट केलेले मेसेज वाचायला मुलं ‘जीबी व्हॉट्सअॅप’सारखी बाहेरची नक्कल टाकतात. ती प्ले स्टोअरवर नसते, मित्राकडून फाईल घेऊन टाकलेली असते. त्यात आपले मेसेज कुणाच्या हाती जातात याचा पत्ता नाही, आणि व्हॉट्सअॅपला कळलं तर नंबरावर बंदी येते. आधी तात्पुरती, मग कायमची. ‘अकाउंट आपोआप गेलं’ म्हणणाऱ्या पोराला पहिला प्रश्न हाच विचारावा.

ग्रुपबद्दल थोडक्यात. अॅडमिन एक नको, तीन असावेत, त्यात एक तरी मुलगी हवी. ग्रुपची लिंक स्टेटसला लावू नये. कुणी लावलीच तर ‘रिसेट लिंक’ करावं, जुनी लिंक मरते. नवीन माणूस आत घेण्याआधी अॅडमिनची परवानगी, हे बटण सुरू ठेवावं. आपल्याला कुणीही कुठल्याही ग्रुपमध्ये घालू नये म्हणून प्रायव्हसी, ग्रुप्स इथं ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवावं. रागात लिहिलेलं साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांकडून काढता येतं, पंधरा मिनिटांत दुरुस्तही करता येतं. पण तोवर कुणी स्क्रीनशॉट काढलेला असतो, हे धरूनच चालावं. ग्रुप सोडला तर आता सूचना फक्त अॅडमिनला जाते, सगळ्यांना नाही. एवढं कळलं तरी कितीतरी मुली नको त्या ग्रुपमधून सुटतील.

घरात एकच फोन असेल तर मुलाचा ग्रुप आईच्या नंबरावर चालतो आणि दोघांचीही पंचाईत. दोन सिमच्या फोनमध्ये आता एकाच व्हॉट्सअॅपात दोन अकाउंट ठेवता येतात. सेटिंग्जमध्ये ‘अॅड अकाउंट’ दाबून दुसरा नंबर घालायचा. त्यासाठी वेगळं अॅप लागत नाही.

डेटाचंही एक गणित आहे. रोजचा दीड किंवा दोन जीबी संपला की बऱ्याच पॅकमध्ये नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात लिहिलेला मेसेज लगेच जातो, मिनिटभराची व्हॉइस नोट अर्ध्या मिनिटाच्या आत जाते, पण दोन एमबीच्या व्हिडिओला चार मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे रील बंद झाली तरी मैत्री बंद होत नाही. रोजचा डेटा बहुतेक पॅकमध्ये रात्री बाराला नव्यानं सुरू होतो, आणि पोरं बारानंतर का जागी असतात याचं एक कारण हेही आहे. त्यामुळे मोठ्या डेटाचा पॅक मारून देणं किंवा फोन काढून घेणं, या दोन टोकांऐवजी छोटा पॅक आणि घरचं वायफाय असेल तर ते रात्री बंद, हे जास्त लागू पडतं.

इन्स्टाग्रामवर २०२५ पासून आपल्याकडेही अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टीन अकाउंट’ आहे. ते सुरुवातीपासूनच प्रायव्हेट असतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद असतात, आणि सोळा वर्षांखालच्याला हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं जन्मतारखेवर चालतं. मुलानं घाईत २००० साल टाकलं असेल तर अॅपच्या हिशेबी तो बाप्या माणूस, आणि दारं सगळी उघडी. फोन देताना ही एक तारीख तपासा. स्नॅपचॅटवर ‘स्नॅप मॅप’मध्ये ‘घोस्ट मोड’ सुरू आहे ना ते बघा, नसेल तर मूल कुठल्या वाडीत, कुठल्या घरात आहे ते तिथल्या मित्रांना नकाशावर दिसू शकतं. तिथली ‘स्ट्रीक’, म्हणजे रोज एकमेकांना फोटो पाठवायची सलग साखळी, चोवीस तासांत दोघांनी फोटो न पाठवल्यास तुटते. पालक फोन जप्त करतात तेव्हा ती तुटू नये म्हणून मूल आपला पासवर्ड मित्राला देऊन ठेवतं. जप्तीचा हा परिणाम पालकांच्या ध्यानीमनीही नसतो.

फोटोंबाबत मात्र कडक बोलायला हवं. अठरा वर्षांखालच्या कुणाचाही नको तसला फोटो ठेवणं, पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळीही पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ हा बचाव होत नाही. कुणी फोटोवरून धमकावत असेल तर पैसे देऊ नयेत, धमकीचे मेसेज आणि समोरच्याचा नंबर तसेच ठेवावेत, चॅट उडवू नये, आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा १९३० ला फोन करावा. मुलांच्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो तिथं पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो. त्यावरून सहभागी अॅप तो फोटो ओळखून काढतात. अशा वेळी आईबापांनी पहिला हात फोनवर टाकला तर पुढच्या वेळी मूल काही सांगायलाच येणार नाही.

फोन हरवला तर काय, याची तयारी आधीच हवी. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचे स्वतःचे ओळख नंबर दिसतात. दोन सिमच्या फोनला दोन. ते जीमेलच्या पासवर्डशेजारीच वहीत लिहावेत, बिलही जपून ठेवावं. फोन गेला की त्याच नंबराचं डुप्लिकेट सिम काढावं, पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि तक्रारीची प्रत, बिल घेऊन संचार साथीवर फोन ब्लॉक करावा. यात लोक एका जागी हमखास अडतात: डुप्लिकेट सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. ही सुरक्षेसाठीच केलेली व्यवस्था आहे, सिम खराब नसतं. ब्लॉकसाठी लागणारा ओटीपी त्यामुळे दुसऱ्या दिवशीच येतो. व्हॉट्सअॅप मात्र त्याच दिवशी सुरू करता येतं. कोड एसएमएसनं न मागता ‘कॉल मी’ निवडायचं, फोन वाजतो आणि आकडे ऐकू येतात. ऐकून लिहायला कागद-पेन जवळ ठेवा, कॉल लवकर संपतो.

आपला,
मोबाईल विक्री-दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव